रंगावर जाऊ नका: सारखे दिसणारे मोठे सिक्लिड ओळखायचे कसे

माशाचं बोटभर लांबीचं करडं पिल्लू, अंगावर काळसर पट्टे. टाकीवरच्या चिठ्ठीवर नाव ‘रेड टेरर’. शेजारच्या टाकीत जवळपास तसंच पिल्लू, चिठ्ठी ‘जॅग्वार’. त्यापुढे ‘रेड डेव्हिल’, तेही करडंच. नवख्या माणसाला तिन्ही एकच वाटतात आणि जुनेजाणतेही पुष्कळदा अंदाजाने बोलतात. खरी ओळख वर्ष-दीड वर्षाने पटते. तोवर टाकी घेऊन झालेली असते, सोबतचे मासे ठरलेले असतात आणि कधीकधी त्यातले निम्मे खाऊनही झालेले असतात.

नुसत्या कुतूहलाचा हा प्रश्न नाही. जॅग्वार म्हणून आणलेलं पिल्लू डोव्हीआय, म्हणजे त्याचाच मोठा भाऊबंद निघालं, तर हिशेबच बदलतो. जॅग्वार टाकीत साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर थांबतो. त्याला १८० × ६० × ६० सेंटिमीटरची टाकी, म्हणजे सुमारे ६४८ लिटर पाणी, ही किमान सोय. डोव्हीआयची नोंदलेली कमाल लांबी ७२ सेंटिमीटर आहे. नर पूर्ण वाढला की २४० × ९० × ६० ची, म्हणजे जवळजवळ १,३०० लिटरची टाकीसुद्धा ऐसपैस वाटत नाही.

सिक्लिड म्हणजे कोण?

सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ आहे. आतापर्यंत वर्णन झालेल्या जाती सतराशेहून जास्त आहेत. अॅक्वेरियममधले मोठे सिक्लिड मुख्यतः मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेतली सरोवरं इथून आलेले. बहुतेक माशांना नाकाच्या प्रत्येक बाजूला दोन भोकं असतात, सिक्लिडना एकच. घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. अंगाच्या बाजूने जाणारी बारीक छिद्रांची ओळ, म्हणजे पार्श्वरेषा, बहुतेक सिक्लिडमध्ये मधेच तुटून दोन तुकड्यांत विभागलेली दिसते. वरचा तुकडा कल्ल्याच्या झाकणापासून मागे जातो, खालचा शेपटीच्या दांड्यावर असतो. ही तुटलेली रेषा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रंग सर्वांत शेवटी का?

माशाच्या कातडीत काळं रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात. ते रंगद्रव्य पेशीभर पसरलं की अंगावर पट्टे उमटतात, मध्यभागी गोळा झालं की पट्टे विरतात. याची सूत्रं मज्जासंस्था आणि संप्रेरकांच्या हातात असल्यामुळे घाबरलेला मासा काही सेकंदांत वेगळा दिसू शकतो. जोडी जमली की रंग बदलतो, अंडी घातली की पुन्हा बदलतो. खाद्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांनी लाल-केशरी छटा चढते आणि ते खाद्य बंद केलं की उतरते. रंगावरून जात ठरवणं म्हणजे अंगातल्या सदऱ्यावरून माणूस ओळखणं. जमतंही कधीकधी, पण सदरा बदलेपर्यंतच.

याचं ठळक उदाहरण पीकॉक बास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिक्ला टेमेन्सिसचं. एरवी हा मासा गडद असतो आणि अंगावर फिकट ठिपक्यांच्या ओळी असतात. विणीच्या काळात ठिपके विरतात आणि तीन ठसठशीत उभे पट्टे उठून दिसतात. ही दोन रूपं वेगवेगळ्या जाती आहेत असं अनेक वर्षं मानलं जात होतं. एकाच माशाचे दोन वेश जाणकारांनाही फसवतात, तर काचेबाहेरून पाच मिनिटं पाहणाऱ्याचं काय!

कपाळावरच्या कुबडाचंही तेच. अनेक जातींच्या नरांना ते येतं. खाणं-पिणं, वय आणि टाकीतला रुबाब यांप्रमाणे लहानमोठं होतं. त्यावरून फार तर नर-मादीचा अंदाज बांधावा.

मग आधी काय पाहायचं?

गुदद्वारामागे जो पर असतो त्याला गुदपर म्हणतात. त्याच्या पुढच्या भागात टोकदार, न फाटलेले, कडक काटे असतात. त्यामागचे दांडे मऊ, आडव्या सांध्यांचे आणि टोकाला फाटे फुटलेले. मोजायचे फक्त काटे. ते जन्मभर जवळजवळ तेवढेच राहतात. मूड, खाद्य, प्रकाश कशानेही बदलत नाहीत.

ऑस्कर, ग्रीन टेरर, पीकॉक बास, फ्रंटोसा यांच्या गुदपरात साधारण तीन काटे. टेक्सास सिक्लिडमध्ये पाच-सहा. रेड डेव्हिल, मायडास, जॅग्वार यांच्यात सहा ते आठ. जॅक डेम्प्सीमध्ये सात ते नऊ. म्हणजे ‘ग्रीन टेरर’ अशी चिठ्ठी असलेल्या हिरवट ठिपक्यांच्या पिल्लाला आठ काटे दिसले, तर वाद तिथेच संपला. ते काहीही असो, ग्रीन टेरर नाही. डोळ्यांना हिरवे-निळे ठिपके सारखेच भुरळ घालतात, म्हणून ही गल्लत वारंवार होते.

चूक होते ती पहिल्या काट्यावर. तो आखूड असतो आणि कातडीत बुडालेला असतो, त्यामुळे सुटतो. दुसरी अडचण मिटलेल्या पराची. पर पूर्ण उघडल्याशिवाय मोजणी करू नका. जाळीत अडकून काटा तुटलेला मासाही भेटतो, म्हणून एकाच आकड्यावर अडून न बसता दोन-तीन फोटोंवर मोजावं.

काट्यांनी गट कळतो, जात नाही. जॅग्वार आणि डोव्हीआय दोघांचे काटे सारखेच. तिथून पुढे खुणा, अंगाची ठेवण आणि खवले कामाला येतात.

जॅग्वार आणि डोव्हीआय

शास्त्रीय नावं अनुक्रमे पॅराक्रोमिस मॅनाग्वेन्सिस आणि पॅराक्रोमिस डोव्हीआय. दोघेही मध्य अमेरिकेतले, होंडुरास ते कोस्टा रिका या पट्ट्यातले. दोघेही शिकारी, दोघांचं तोंड रुंद आणि खालचा जबडा पुढे आलेला.

बाजूची खूण बघा. डोव्हीआयमध्ये कल्ल्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत सलग काळी पट्टी जाते. पिल्लात ती सर्वांत स्वच्छ दिसते, जणू रूळ लावून ओढलेली. जॅग्वारमध्ये त्या जागी सुट्या काळ्या डागांची रांग असते आणि वय वाढतं तसे ते डाग बाकीच्या ठिपक्यांत मिसळून चित्त्यासारखं जाळं होतं. घाबरलेल्या पिल्लात हे डाग लांबट होऊन एकमेकांना टेकल्यासारखे वाटतात. फसवणूक होते ती इथेच. मासा शांत असताना पुन्हा पाहा. डाग असतील तर मधल्या फटी दिसतील.

मग ठेवण. डोव्हीआय लांबट, डोकं लांब, सगळा मासा पाणतीरासारखा. जॅग्वार पोटात खोल, खांद्यात भरलेला. मोठ्या डोव्हीआय नराच्या अंगावर निळसर-जांभळट छटेवर बारीक काळे ठिपके विखुरलेले असतात, तर मादी पिवळीधमक होते आणि काळी पट्टी अंगावर ठळक राहते. त्या पिवळ्या मादीला ‘वेगळीच जात’ म्हणून विकल्याचे प्रकार होतात.

याच गटातला तिसरा, मोटाग्वेन्सिस, ग्वाटेमालातल्या मोटाग्वा नदीच्या नावाचा. त्याच्या खवल्यांवर तांबूस ठिपके असतात आणि बाजूची पट्टी डागाडागांची. पिवळ्या झाकेचे फ्रिडरिश्थालीआय आणि लोइसेलेय हे दोघे एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत, की मूळ नदी माहीत नसेल तर टाकीतल्या माशावर पैज लावू नये.

रेड डेव्हिल आणि मायडास

ही जोडी सर्वांत जास्त भांडणं लावते. रेड डेव्हिल म्हणजे अॅम्फिलोफस लेबिएटस, मायडास म्हणजे अॅम्फिलोफस सिट्रिनेलस. दोघांचंही वर्णन मत्स्यशास्त्रज्ञ अल्बर्ट ग्युंटर यांनी १८६४ मध्ये केलं, दोघेही निकाराग्वातल्या मोठ्या सरोवरांत राहतात. दोघांचीही पिल्लं करडी, पट्टेरी. त्यांतली काही मोठी होताना काळं रंगद्रव्य गमावतात आणि सोनेरी, केशरी, पांढरी किंवा ठिगळाठिगळांची होतात. निसर्गात बहुतेक मासे आयुष्यभर करडेच राहतात. सोनेरी थोडे असतात, पण विक्रीला नेमके तेच निवडले जातात. म्हणून ‘लाल तो डेव्हिल, पिवळा तो मायडास’ हा सगळ्यांत लोकप्रिय नियम सपशेल चुकीचा आहे. दोन्ही जातींत दोन्ही रंग मिळतात.

फरक ठेवणीत आहे. मायडासचं अंग उंच, कपाळ चढं, थोराड नरात कुबड मोठं. लेबिएटस तुलनेने सडपातळ, मुस्कट पुढे निमुळतं, कपाळाचा उतार सौम्य. आणि ओठ! निसर्गात लेबिएटसचे ओठ जाड, मांसल, मधोमध लोंबते. खडकांच्या फटींवर ते टेकवून आतले किडे ओढून काढायला उपयोगी.

पण ओठांवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. टाकीत गोळीखाद्य खाणाऱ्या लेबिएटसचे ओठ पुष्कळदा आक्रसतात आणि पुढच्या पिढीत ते आलेच पाहिजेत असंही नाही. म्हणजे जाड ओठ दिसले तर ते लेबिएटसच्या बाजूचा पुरावा, पण पातळ ओठ दिसले म्हणून तो मायडास ठरत नाही. त्यात अनेक पिढ्या या दोघांची सरमिसळ करून पैदास झाली आहे. ‘रेड डेव्हिल’ म्हणून मिळणाऱ्या अनेक माशांच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर ‘अॅम्फिलोफस, वंश अज्ञात’ एवढंच असतं. ऐकणाऱ्याला ते आवडत नाही, पण माशाची निगा राखायला तेवढं पुरतं, कारण दोघांनाही टाकी, पाणी आणि एकांत सारखाच लागतो. पैदास करायची असेल तर मात्र ते पुरत नाही.

ग्रीन टेरर आणि त्याचा जुळा

इथे खवले जवळून बघायला लागतात. अॅन्डिनोआकारा रिव्ह्युलेटस हा इक्वाडोरच्या पश्चिम भागातला आणि लगतच्या पेरूतला मासा. त्याच्यासारखाच दिसणारा पेरूतला मासा बराच काळ त्याच नावाने विकला गेला. २००९ मध्ये त्याला अॅन्डिनोआकारा स्टाल्सबर्गी हे स्वतंत्र नाव मिळालं. बाजूच्या खवल्यांवर उलटसुलट नक्षी असते: रिव्ह्युलेटसमध्ये खवल्याचं केंद्र गडद आणि कडा फिकट, स्टाल्सबर्गीमध्ये केंद्र फिकट चमकदार आणि कडा गडद. शेपटीच्या किनारीचा रंग नारिंगी की पांढरा यावर लोक वाद घालत बसतात. तो निकष सोडून द्या.

रेड टेरर की मायन?

मेसोहिरॉस फेस्टे, म्हणजे खरा रेड टेरर, आणि मायाहिरॉस युरोफ्थॅल्मस, म्हणजे मायन सिक्लिड. दोघांच्या अंगावर उभे गडद पट्टे. शेपटीच्या बुडाशी बघा. मायनला तिथे मोठा गोल काळा डाग असतो आणि भोवती निळसर कडं. लांबून डोळाच वाटतो. फेस्टेचा डाग लहान आणि वरच्या अर्ध्या भागात सरकलेला. फेस्टेमध्ये आणखी एक गंमत: भडक केशरी-लाल रंग मादीचा, मोठा नर त्या मानाने हिरवट-मळकट. ‘फिका निघाला’ म्हणून परत केलेला मासा कित्येकदा अगदी अस्सल नर असतो.

फ्रंटोसा: जिथे मोजणी निर्णायक ठरते

आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले हे कुबडवाले पट्टेरी मासे दोन जातींचे. उत्तरेकडचा सायफोटिलॅपिया फ्रंटोसा आणि दक्षिणेकडचा सायफोटिलॅपिया जिबेरोसा. दुसऱ्याला वेगळं नाव २००३ मध्ये मिळालं. पार्श्वरेषेचे दोन तुकडे जिथे एकमेकांच्या वर-खाली येतात, तिथे मधल्या खवल्यांच्या आडव्या ओळी मोजा. फ्रंटोसामध्ये दोन, जिबेरोसामध्ये तीन. इतका स्वच्छ निकष या छंदात क्वचितच मिळतो.

उभ्या पट्ट्यांची संख्या मात्र जात सांगत नाही. सरोवराच्या किगोमा भागातल्या माशांना डोक्यावरचा धरून सात पट्टे असतात, इतर ठिकाणच्यांना बहुधा सहा. हा एकाच जातीतला प्रादेशिक फरक आहे.

टेक्सास आणि ऑस्कर, थोडक्यात

टेक्सास सिक्लिड, हेरिक्थिस सायनोगटेटस, हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मूळचा असलेला एकमेव सिक्लिड. त्याच्या अंगावर बारीक, दाट ठिपके. मेक्सिकोतल्या पानुको नदीच्या खोऱ्यातला हेरिक्थिस कार्पिंटिस याचे ठिपके मोठे, विरळ आणि मोत्यासारखे चमकणारे. बाजारात ‘ग्रीन टेक्सास’ म्हणतात तो बहुतेक हाच.

ऑस्करमध्ये नेहमीचा अॅस्ट्रोनोटस ऑसेलेटस, दक्षिणेकडचा अॅस्ट्रोनोटस क्रॅसिपिनिस आणि ओरिनोको खोऱ्यातला अॅस्ट्रोनोटस मिकोल्जी. हा तिसरा थेट २०२२ मध्ये वेगळा ठरला. लाल, अल्बिनो, लांब पंखांचे ऑस्कर या वेगळ्या जाती नाहीत, निवडक पैदाशीतून आलेले प्रकार आहेत.

ओळखण्याजोगा फोटो कसा काढायचा?

माशाच्या जाडीपेक्षा थोडीच रुंद, पारदर्शक आणि अरुंद पेटी घ्या. तिच्यात टाकीतलंच पाणी भरा. मासा जाळीने उचलू नका, काटे अडकतात. मोठा मासा प्लॅस्टिकच्या टबमध्ये पाण्यासकट हलवा. काचेला पट्टी चिकटवा म्हणजे लांबी मोजता येईल. प्रकाश वरून, फ्लॅश बंद, कॅमेरा काचेला काटकोनात. दोन-तीन मिनिटांत काम उरका आणि मासा परत सोडा.

पेटीतला फोटो काटे आणि खवल्यांसाठी. खुणांसाठी त्याचा उपयोग कमी, कारण घाबरलेल्या माशाची नक्षी खरी नसते. म्हणून मुख्य टाकीत मासा शांत असताना, खाताना आणि दुसऱ्या माशावर धावून जाताना असे वेगळे फोटो ठेवा. एकाच फोटोवर जात विचारणाऱ्याला मिळणारं उत्तर बहुधा तेवढ्याच किमतीचं असतं.

‘पण आधी याचं नाव वेगळंच होतं!’

खरं आहे. जुन्या पुस्तकांत यातले अर्धेअधिक मासे ‘सिक्लासोमा’ या एकाच नावाखाली सापडतात. १९८३ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ स्वेन कुलांडर यांनी ते नाव दक्षिण अमेरिकेतल्या बारा जातींपुरतं मर्यादित केलं. मध्य अमेरिकेतल्या माशांना घरच उरलं नाही. पुढची तीसेक वर्षं त्यांच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग बदलत गेला. फेस्टेचं ‘मेसोहिरॉस’ २०१५ चं, मायनचं ‘मायाहिरॉस’ २०१६ चं. मासा तोच, पत्ता बदललेला. गोंधळ टाळायचा तर नावाचा दुसरा भाग धरून ठेवा, तो सहसा टिकतो: फेस्टे, मॅनाग्वेन्सिस, लेबिएटस.

‘संकर असला तर?’

मग वरचे सगळे निकष अर्धवट लागू पडतील आणि तीच संकराची पहिली खूण. काटे एका जातीचे, डाग दुसरीचे, डोक्याची ठेवण तिसरीचीच. ब्लड पॅरटचं तोंड नीट मिटत नाही, फ्लॉवरहॉर्नच्या बाजूवर काळ्या फुलांची रांग असते. हे दोघे माणसाने तयार केलेले, निसर्गात यांचं घर नाही. ‘रेड टेक्सास’ही असाच: टेक्सास गटातला मासा आणि फ्लॉवरहॉर्न-पॅरटसारखे लाल मासे यांच्या संकरातून आलेला. मध्य अमेरिकेतल्या अनेक सिक्लिडचे संकर पुढे पिल्लंही घालतात, म्हणून दोन-तीन पिढ्यांत मूळ ओळखणं अशक्य होतं.

संकर पाळण्यात गैर काही नाही. तो शुद्ध जातीच्या नावाने पुढे देणं गैर आहे.

‘डीएनए चाचणी का करू नये?’

नेहमी वापरली जाणारी चाचणी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जाकेंद्रांमधल्या डीएनएचा एक तुकडा वाचते. तो फक्त आईकडून येतो. वडील जॅग्वार असोत की डोव्हीआय, उत्तर आईचंच येणार. संकराच्या प्रश्नावर ही चाचणी एकटी निकामी आहे, त्यासाठी केंद्रकातल्या डीएनएच्या अनेक जागा तपासायला लागतात.

अॅम्फिलोफसमध्ये अडचण आणखी खोल आहे. निकाराग्वातलं अपोयो हे ज्वालामुखीच्या विवरात तयार झालेलं सरोवर पंचवीस हजार वर्षांपेक्षा कमी जुनं आहे आणि तिथल्या मायडासच्या भाऊबंदांनी तेवढ्या अवधीत वेगळ्या जाती केल्या. झॅलिओसस हा त्यांतला बाणासारखा लांबट. डोळ्यांना तो मायडासहून स्पष्ट वेगळा दिसतो, पण इतक्या तरुण जातींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए एकमेकांशी फार जवळचा असतो. तिथे अंगाची ठेवणच जास्त बोलते.

‘पाच सेंटिमीटरच्या पिल्लावरून सांगता येईल का?’

गट सांगता येतो, कारण काटे मोजता येतात, भिंग लागेल एवढंच. डोव्हीआयची सलग पट्टी, मायनचा शेपटीवरचा डोळा या वयातही दिसतो. मायडास-लेबिएटस नाही सांगता येत. फ्रंटोसाच्या खवल्यांच्या ओळीही इतक्या लहान माशात डोळ्यांनी मोजणं कठीण. पिल्लू १२ ते १५ सेंटिमीटरचं झालं की सगळी मोजणी पुन्हा करा.

आणताना विचारायचे प्रश्न दोनच: आई-बाप पाहायला मिळतील का, आणि मूळ मासे कोणत्या नदीतून किंवा सरोवरातून आले? दुसऱ्याचं उत्तर असेल तर ते तारखेसह लिहून ठेवा आणि पिल्लं दुसऱ्याला देताना तो कागदही द्या. उत्तर नसेल तर चिठ्ठीवर शास्त्रीय नावाचा पहिला भाग लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाका, आणि टाकी गटातल्या सर्वांत मोठ्या जातीच्या हिशेबाने घ्या. जॅग्वार आणि डोव्हीआयमध्ये शंका असेल, तर डोव्हीआयच्या.